लाकडावर फोडलेलं खापर

नाटकात सगळ्यात अवघड काय, असं विचारलं तर नट म्हणतील लांबलचक स्वगत आणि गाणारे म्हणतील वरची पट्टी. दोघंही आपलंच घोडं पुढे दामटतात. खरी अवघड असते ती शांतता. ती कोणालाही मोडता येते आणि मोडणारा सहसा सापडत नाही.

त्या नाट्यगृहात बसत असलेल्या नव्या नाटकात अशी एक शांतता होती. जहाज बुडाल्याची बातमी घेऊन एक माणूस दारात येतो, खलाशाची बायको त्याच्या तोंडाकडे बघते आणि रंगमंचावर कोणी हलत नाही. मग त्या शांततेतूनच स्नेअर ड्रमचा रोल, म्हणजे दोन स्टिकचा सलग घुमणारा आवाज, सुरू होतो. आधी असून नसल्यासारखा, मग वाढत वाढत जातो, आणि तो पुरता भरला की बाई मटकन खाली बसते. लेखकाने त्या जागेसाठी एक शब्दही लिहिला नव्हता, आणि अख्ख्या नाटकात तीच जागा सगळ्यांना आवडत होती. लेखक सोडून.

तालमी रंगात आल्या होत्या तेव्हा एके दिवशी नटीने नेमकी तिथेच तालीम थांबवली. ती म्हणाली, "माझ्या शांततेत कोणीतरी काहीतरी तळतंय."

सगळे हसले. पण मग कान देऊन ऐकलं तर ते खरंच होतं. बारीक चरचर यायची, थांबायची, पुन्हा यायची. रंगमंचाच्या पुढ्यात, जमिनीच्या खाली वाद्यवाल्यांची बसायची जागा होती, तिला सगळे खड्डा म्हणत. आवाज खड्ड्यातून येत होता एवढं कळलं. खड्ड्यातले सगळे माना वळवून एकमेकांकडे बघायला लागले, आणि अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा ड्रमवाला आपल्या समोरचा कागद वाचत असल्यासारखं करत राहिला.

या ड्रमवाल्याला नाट्यगृहात घड्याळ म्हणत. त्याची लय कधी मागेपुढे झालेली कोणी ऐकली नव्हती. वाद्यवृंद चालवणारे मास्तर त्याला मानाने घड्याळराव म्हणत. घरात मात्र तो साठीला टेकला तरी धाकटाच होता, कारण घरात एक थोरला होता. आपणही त्याला धाकटाच म्हणू.

चरचर कुठून येते ते धाकट्याला पक्कं माहीत होतं. ती त्याच्या डाव्या हातातून येत होती.

गेल्या काही महिन्यांत त्या हाताने नवीनच खोड लावून घेतली होती. काम करताना तो पहिल्यासारखा शहाणा असायचा. रिकामा बसला की त्याला कापरं भरायचं. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं. ते नाव धाकट्याने दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं आणि घरी येऊन सांगितलं की डोळे तपासून आलो. आता गंमत बघा, अवघड वाजवताना त्याला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती न वाजवताना. शून्यातून रोल उचलायचा तर दोन्ही स्टिकची टोकं आधीपासून ड्रमच्या कातड्यावर टेकवून ठेवावी लागतात. हवेतून खाली आणली तर पहिला ठोका ऐकू येतो आणि सगळी जादू जाते. त्या टेकलेल्या वेळात डावा हात थरथरायचा, टोक कातड्यावर बारीक नाचायचं, आणि खालच्या कातड्याला लागून ज्या तारा ताणलेल्या असतात त्या चरचरायच्या. तारा सैल करायला ड्रमला खटका असतो. पण त्या रोलला ताराच हव्या होत्या, आणि ऐन शांततेत खटका ओढला असता तर तोही टक्कन वाजला असता.

आवाजाचा बंदोबस्त करायचं काम ताईकडे होतं. ही ध्वनियंत्रणा सांभाळायची. वयाने खड्ड्यातल्या सगळ्यांपेक्षा लहान असूनही सगळे तिला ताई म्हणत, कारण ती सगळ्यांना धाकात ठेवायची. स्नेअर ड्रमच्या तारांचं एक दुखणं धंद्यात सर्वांना ठाऊक असतं. शेजारी कोणी जाड आवाज काढला की त्या आपोआप थरथरतात, त्यांना कोणी हात लावायची गरज नसते. ताईने त्याच वाटेने शोध सुरू केला. आधी जाड आवाजाचं मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्या बासवाल्याला दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं. तो म्हणाला, मी त्या वेळी वाजवतच नाही, पण त्याचं कोण ऐकतो. मग छताचे पंखे बंद केले आणि सगळे घामाने निथळले. मग दिव्यांचे स्टँड, मग खुर्च्या, मग भिंतीतला पाण्याचा पाइप. धाकटाही तिच्याबरोबर वाकून वाकून शोधत होता, आणि शोधताना हाताला काम असल्यामुळे तो अजिबात थरथरत नव्हता.

हाताकडे कोणी बघितलं नाही. त्या प्रवेशाला खड्ड्यात अंधार असायचा हे एक कारण. दुसरं असं की ज्याला सगळे घड्याळ म्हणतात त्याची नाडी तपासायचं कोणाला सुचणार? ड्रम बिघडू शकतो, पंखा बिघडू शकतो, बासवाला तर बिघडलेलाच असतो असं सगळ्यांचं मत होतं. घड्याळरावाचा हात या यादीत नव्हता.

शेवटी ताई गुडघ्यांवर बसून ड्रमपाशी कान लावून राहिली आणि म्हणाली, आवाज या ड्रमचाच आहे. मास्तर कठड्यावरून वाकून बघत होते. नटी वर कमरेवर हात ठेवून उभी होती. सांगायची वेळ होती ती हीच. धाकट्याने तोंड उघडलंही.

"सांधा सुटला असेल," तो म्हणाला. "शेवटी लाकूड आहे. हलतं."

हे लाकूड कोणाचं होतं ते सांगायला हवं. धाकट्याचे वडील पिंपं बनवायचे. पिंपांचा धंदा बसला तेव्हा थोरल्याने, म्हणजे दादाने, वडिलांचेच साचे आणि वडिलांचीच वाफेची भट्टी वापरून ड्रम बनवायला घेतले. एक लांब फळी वाफेवर मऊ करायची, साच्याभोवती वाकवायची, तिची दोन टोकं उतरती तासून एकमेकांवर बसवायची आणि सरस लावून आवळून ठेवायची. ड्रममध्ये सांधा तेवढा एकच. बनवणाऱ्याची सगळी अब्रू त्या सांध्यात असते. धाकट्याचा ड्रम दादाने स्वतःच्या हाताने बनवला होता आणि आयुष्यभर धाकटा तोच वाजवत आला होता. पोलादाच्या ड्रमला दादा डबा म्हणायचा. डबा वाजवायचा असेल तर स्वयंपाकघरात पुष्कळ आहेत, असं त्याचं म्हणणं होतं.

नाट्यगृहाची एक संगीतशाळा होती. तिथल्या मुलांसाठी लागणारे सगळे ड्रम दादाकडून करून घ्यायचे असं मास्तरांनी कबूल केलं होतं. दादाच्या कारखान्यात बऱ्याच दिवसांत एवढं काम आलं नव्हतं, आणि त्याच्या वयाकडे बघता यापुढे येईल असंही नव्हतं. त्याने फळ्या निवडून आणल्या होत्या, वारा लागावा म्हणून मध्ये पट्ट्या घालून रचल्या होत्या, आणि वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे तो झोपेतसुद्धा शीळ घालत होता.

धाकट्याचं बोलणं ऐकून मास्तरांनी मान हलवली. ते म्हणाले, ड्रम भावाला दाखवून घ्या. आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले की शाळेचं काम तोपर्यंत जरा थांबवू.

खापर लाकडावर फोडताना ते लाकूड दादाचं आहे हे धाकट्याच्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही. लक्षात होतं. तरी तो बोलला होता. खड्ड्यातली खुर्ची गेली तर आपल्याजवळ काय उरतं याचा हिशोब त्याच्या मनात आधीच झाला होता. लग्न करायचं राहून गेलं होतं, दादाच्या घरात वरची एक खोली होती, आणि जेवायला वहिनीचं टेबल. ती खुर्ची होती म्हणून तो त्या टेबलावर मान वर करून बसायचा. माणूस भेदरला की भलत्याच सफाईने खोटं बोलतो, आणि एकदा बोलला की त्याची राखण करत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला. हल्ली ती त्याचा कप अर्धाच भरायची. का ते तिने कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. चहा संपल्यावर तो ड्रम घेऊन खाली कारखान्यात उतरला.

त्याचं सांगणं दादाने पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही डबा म्हणाला नाही. ड्रमच्या कड्या, तारा, दोन्ही कातडी काढून त्याने नुसतं लाकडाचं कडं टेबलावर ठेवलं, बोटाच्या पेराने गोल फिरत टकटक वाजवून बघितलं. मग खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला, कड्याच्या आत दिवा ठेवला आणि वरून फळी झाकली. सांध्याला केसाएवढी जरी फट असेल तरी उजेडाची रेघ दिसते. दोघं भाऊ अंधारात वाकून बघत राहिले. रेघ दिसली नाही.

दादाने गोणपाट काढलं. मग त्याने धाकट्याकडे नीट बघितलं, आणि धाकट्याने खिडकीबाहेर.

"नक्की सांधाच?" दादाने विचारलं.

"आवाज तर येतो."

"आत कुठे सुटला असेल तर कापल्याशिवाय दिसणार नाही. आणि कापला की हा ड्रम गेला."

धाकट्याने टेबलावरच्या सुट्या तारा उचलून बाजूला ठेवल्या.

"कापू?"

"काप," धाकटा म्हणाला.

दादाने कडं शिकंज्यात धरलं आणि करवत लावली. एरवी दादाची करवत एकदा चालू झाली की लाकूड संपेपर्यंत थांबायची नाही, शेजारीपाजारी त्यावरून त्याला नावं ठेवायचे. त्या दिवशी मात्र तो दोन हात मारायचा आणि थांबायचा. भुसा फुंकायचा. करवत बाहेर काढून तिचे दात बघायचा, त्यावरून अंगठा फिरवायचा, पुन्हा लावायचा. दादाचं वय झालं, असं धाकट्याच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं. आपल्या ड्रमचा भुसा जमिनीवर साठताना तो बघत होता. दादा, थांब, एवढेच दोन शब्द होते. ते तोंडाशी येत होते आणि तो ते परत गिळत होता. मग कडं कापलं गेलं, ताण सुटून त्याची टोकं फाकली, आणि बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

सांध्याचा तुकडा वेगळा करून दादाने त्यात पटाशी घातली आणि हातोडा मारला. लाकूड फाटलं. सांध्यातून नव्हे, सांध्याच्या शेजारून फाटलं. सरस इतका पक्का होता की त्याने लाकूड सोडलं नाही, लाकडानेच आपलं अंग सोडलं. दादाने तो तुकडा धाकट्याच्या हातात दिला. त्यात बघायला काय आहे ते दोघांनाही लहानपणापासून कळत होतं.

दादा झाडू घेऊन भुसा गोळा करायला लागला. झाडता झाडता तो म्हणाला की नाट्यगृहाच्या कोठीत एक जुना जाड लाकडाचा ड्रम पडून आहे, तो माग. पोलादाचा देतील, तो घेऊ नकोस.

धाकट्याने विचारलं, का.

"जाड लाकूड पोटात ठेवतं. डबा सगळं बोलून दाखवतो," दादा म्हणाला आणि केराची सुपली उचलून बाहेर गेला.

धाकट्याला त्यातलं अर्धंच कळलं, किंवा अर्धंच कळून घ्यायचं होतं. दुपारी तो नाट्यगृहात पोचला तेव्हा मास्तर त्याची वाटच बघत होते. ते गंभीर होते, पण रागावलेले नव्हते. ते म्हणाले की तुमचे दादा आत्ताच येऊन गेले. असा कारागीर मी बघितला नाही. स्वतःहून आले आणि म्हणाले, सरस कच्चा राहिला होता, चूक माझी आहे. आता नजर आणि हात पहिल्यासारखे राहिले नाहीत, तेव्हा मुलांचं काम मला देऊ नका.

त्या वेळी धाकट्याच्या कोटाच्या खिशात तो फाटलेला तुकडा होता. बाहेर काढून मास्तरांच्या टेबलावर ठेवला असता तर पुरलं असतं. दादा खोटं का बोलला ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि शरम वाटली. पण शरमेच्या आधी त्याला हायसं वाटलं होतं. आता ड्रमवर कोणी शंका घेणार नाही, हातापर्यंत कोणी पोचणार नाही. हे हायसं वाटणं त्याचं त्यालाच किळसवाणं वाटलं, तरी त्याने हात खिशातच ठेवला.

मास्तर त्याला कोठीकडे घेऊन गेले. ताईही आली. कपाटात दोन ड्रम होते. एक जुना, जाड लाकडाचा, काळपट पडलेला, बाजूला रंग उडालेला. दुसरा पोलादाचा, चकचकीत. ताईने दोन्ही बाहेर काढून टेबलावर ठेवले आणि धाकट्याला म्हणाली की एकदा वाजवून बघा.

त्याने आधी लाकडाचा वाजवला. जड आवाज, थोडा बसक्या गळ्याचा. कातड्यावर बोट घासलं तरी तारांपर्यंत फारसं काही पोचत नव्हतं. हा ड्रम त्याला लपवू शकला असता, निदान हे नाटक संपेपर्यंत. मग त्याने पोलादाचा वाजवला. कोठीतली रिकामी बरणीसुद्धा किणकिणली. स्टिक उचलल्यावरही त्याचा आवाज हवेत राहत होता. ड्रमवाले या दोघांवर तासन्‌तास वाद घालतात. ऊब कोणात आहे, धार कोणात आहे, कोणता ड्रम मागच्या रांगेपर्यंत पोचतो. धाकट्यानेही आयुष्यात हा वाद पुष्कळ घातला होता, आणि दरवेळी लाकडाच्या बाजूने.

"तुम्हीच निवडा, घड्याळराव," मास्तर म्हणाले.

त्याने लाकडाच्या ड्रमवर हात ठेवला. ताई लगेच म्हणाली, "परत लाकूडच? याचाही सांधा सुटला तर? हा तर त्याहून जुना आहे."

तिचं काही चुकलं नव्हतं. सांधा सुटतो, लाकूड हलतं, हे त्यानेच सांगितलं होतं आणि दादाने येऊन त्यावर शिक्का मारला होता. आता लाकूड मागायचं तर कारण द्यावं लागलं असतं. खरं कारण एकच होतं. दुसरं शोधायला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"पोलादाचा," तो म्हणाला.

राहिलेल्या तालमी त्याने युक्तीने निभावल्या. दारात माणूस येईपर्यंत तो डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. बाई वळली की हात काढायचा, स्टिक टेकवायचा आणि मनात मोजायचा. थरथर सुरू व्हायच्या आत मास्तरांची खूण यायची. एकदाही आवाज आला नाही. नटी खूश होती, ताई खूश होती, बासवाल्याला त्याची जुनी जागा परत मिळाली. घरी दादाने पोलादाच्या ड्रमबद्दल चकार शब्द काढला नाही. कारखान्यातली शीळ बंद झाली होती.

पहिला प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह भरलेलं होतं. तो प्रवेश आला, दारात माणूस आला, बाईने वळून बघितलं आणि धाकट्याने मांडीखालचा हात काढून स्टिक टेकवली.

तालमीत समोर रिकाम्या खुर्च्या असायच्या. आता तिथे श्वास रोखून बसलेली माणसं होती आणि नटीला ते जाणवलं. चांगल्या नटीने जे करावं तेच तिने केलं. शांतता लांबवली. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि मास्तर हात वर धरून तिच्या मानेच्या हालचालीची वाट बघत थांबले. धाकट्याचं मोजणं संपलं. तो मनात म्हणत होता की बस कर बाई, आता बस कर. हाताला आवरायला त्याने दात आवळले, त्यामुळे हात जास्तच बिथरला.

पोलादाने काही पोटात ठेवलं नाही. आधी चरचर आली, मग टोकाची टिकटिक, मग पत्र्याचा तो किणकिणता सूर, आणि सगळं नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. मोठ्याने नव्हे. पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं, आणि मग आणखी एकजण हसला.

ताई वाकून खड्ड्यात उतरली होती. आवाज कुठून येतो बघायला तिने छोटी बॅटरी लावली आणि उजेड ड्रमवर पाडला. उजेड ड्रमवरून स्टिकवर आला, स्टिकवरून हातावर. तिथे तो थांबला. ताईने धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बॅटरी विझवली. मग मास्तरांची खूण आली आणि धाकट्याने रोल उचलला. तो रोल त्याने इतका सुरेख वाजवला की त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हात कामाला लागला होता ना.

प्रयोगानंतर मास्तरांनी त्याला खोलीत बसवून दार लावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. उद्यापासून दुसरा माणूस येईल, असं त्यांनी सांगितलं, तब्येत सांभाळा म्हणाले, आणि हे आधीच बोलला असतात तर आपण काहीतरी मार्ग काढला असता, असंही म्हणाले. हे शेवटचं खरं होतं की नुसतं बोलायचं म्हणून, ते आता कळायला वाव नव्हता.

धाकट्याने खुर्चीबद्दल काही म्हटलं नाही. त्याने खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की सांधा चांगला होता, दोष माझ्या हातात होता, दादा माझ्यासाठी खोटं बोलला. शाळेचं काम त्याला परत द्या. मास्तरांनी तुकडा उचलून उलटसुलट करून बघितला.

"तुम्ही म्हणालात सांधा सुटला. दादा म्हणाले सरस कच्चा. आता म्हणताय दोन्ही खोटं," मास्तर म्हणाले. "शाळेला मी कोणाच्या शब्दावर सांगू, घड्याळराव?" मग तुकडा परत त्याच्यापुढे सरकवून ते म्हणाले की तसंही आता उशीर झाला. पोलादाचे ड्रम मागवून झाले. त्यांना सांधाच नसतो.

तो घरी आला तेव्हा दिवस कलायला लागला होता. कारखान्याचं दार उघडं होतं आणि दारात सुताराची हातगाडी उभी होती. दादा शाळेसाठी रचून ठेवलेल्या फळ्या एकेक करून बाहेर काढत होता. सुतार त्यांची टेबलं करणार होता. धाकटा आत गेला आणि त्याने फळीचं दुसरं टोक धरायला हात पुढे केले.

"राहू दे," दादा म्हणाला. "पडेल तुझ्या हातून."

इतक्या दिवसांत या घरात त्या हाताबद्दल कोणी बोललेलं हे पहिलंच वाक्य. धाकट्याने हात मागे घेतले. सुतार फळी घेऊन बाहेर गेल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. प्रेक्षक हसले ते, खुर्ची गेली ते, शाळेचं काम परत मागितलं आणि मिळालं नाही ते. दादा ऐकत होता आणि फळ्यांमधल्या पट्ट्या गोळा करत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही. शेवटी धाकट्याला राहवलं नाही. अपराधी माणसाला येतो तसा उलटा राग त्याला आला.

"तुला माहीत होतं ना?" तो म्हणाला. "आधीपासून माहीत होतं. मग करवत लावलीस कशाला?"

"तू काप म्हणालास."

"म्हणून कापायचा?"

दादाने हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या.

"किती हळू कापत होतो मी," तो म्हणाला. "मला वाटलं, अर्ध्यावर तरी तू थांब म्हणशील."

सुतार परत आला होता. दादाने पुढची फळी उचलली, एकट्यानेच खांद्यावर घेतली आणि गाडीकडे नेली.